मूठ आणि पोते

उबाळे मॅडमनी विचारल्याशिवाय फळा कधी पुसला नाही. विचारण्याची पद्धत तशी सगळ्याच शिक्षकांना असते, "पुसू का?" म्हणता म्हणता आपला हात फिरलेलाही असतो. मॅडमचा हात मात्र डस्टरसह हवेत थांबत असे. पुढच्या बाकांवरून "हो मॅडम" आले तरी त्या हलत नसत. "हे पुढच्यांचं उत्तर झालं. मागच्यांचं अजून आलेलं नाही," असे म्हणून त्या शेवटच्या रांगेकडे पाहत राहत. तिथून कोणीतरी कंटाळून "पुसा" म्हटले, की मग पुसत. मुरबाडच्या एका महाविद्यालयात त्या संख्याशास्त्र शिकवत आणि मी गणित. आमचे वर्ग भिंतीला भिंत लावून होते, त्यामुळे त्यांचा तो प्रश्न आणि त्यानंतरची ती शांतता मी वर्षानुवर्षे ऐकली. खरे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही एकच गोष्ट त्यांनी नोकरीभर सांभाळली. पुढे त्याच गोष्टीने त्यांच्याजवळचे जे नेले, ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

अंगाने त्या लहानखुऱ्या. सुती साडी, घट्ट अंबाडा, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. यजमान भातसानगरला धरणावर नोकरीला होते. ते निवृत्त झाल्यावर दोघांनी सापगावला घर बांधले. तिथून किन्हवलीमार्गे येणाऱ्या एसटीने त्या रोज मुरबाडला येत आणि आल्या आल्या आधी पाणी पीत, मग बोलत. शिक्षक-खोलीत कोणी सहज म्हणाले, की यंदाची बॅच मागच्यापेक्षा कच्ची आहे, तर त्यांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबे.

"फरक आहे, की वाटतो?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. तो त्या भांडायला विचारत नसत. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे असे, आणि समोरच्याला नेमका त्याचाच राग येई.

त्या जी कसोटी सर्वांत मन लावून शिकवत, ती दोन गटांच्या मतांची तुलना करणारी होती. समजा, एका गोष्टीला तरुणांतल्या काही जणांचा होकार आहे आणि वृद्धांतल्या काही जणांचा. दोन्ही गटांतले होकाराचे प्रमाण काढायचे, त्यांची वजाबाकी करायची, आणि निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडू शकतो का, हे मोजायचे. शेवटी एक संख्या हाती येते. पाच टक्के चुकीची तयारी ठेवली, तर ती संख्या एक पूर्णांक शहाण्णव शतांशाच्या पुढे गेल्यावर फरक मानायचा. अलीकडे राहिली तर मानायचा नाही. हा आकडा त्या इतक्या वेळा उच्चारत, की मुलांनी त्यांचे नाव 'शहाण्णव मॅडम' ठेवले. एकदा ते त्यांच्या कानांवर गेले. मॅडम बौद्ध वस्तीतल्या, हे वर्गाला ठाऊक होते. शहाण्णव ही संख्या आपल्याकडे कोणत्या कुळांच्या नावाने मिरवली जाते, हेही. वर्ग गारठून बसला. मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "या तालुक्यात मला शहाण्णव म्हणणारे तुम्हीच पहिले. माझ्या आईला कळवते, तिला फार बरं वाटेल." आधी कोणीच हसले नाही. मग शेवटच्या रांगेतून एक जण फिस्सकन हसला, आणि भिंतीपलीकडे माझ्या वर्गाला धडा थांबवावा लागला.

हीच कसोटी शिकवण्यासाठी त्या घरून वालाचे दोन डबे आणत. एकावर 'तरुण' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'वृद्ध'. दोन्हींत तपकिरी कडवे वाल आणि पांढरे वाल मिसळलेले. मुलांनी डोळे मिटून प्रत्येक डब्यातून एकेक मूठ काढायची आणि मुठीत पांढऱ्यांचे प्रमाण किती, ते सांगायचे. एका वर्षी 'वृद्ध' डब्यातून पांढरे बरेच निघाले.

"निष्कर्ष?" मॅडमनी विचारले.

"मॅडम, म्हाताऱ्यांत पांढरे जास्तच असणार की!" एक जण ओरडला.

हसणे ओसरेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या काढून टाकल्या. दोन्ही डबे त्यांनी सकाळी एकाच पोत्यातून भरले होते. "मूठ वेगळी निघाली म्हणून पोतं वेगळं ठरत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या हातात नेहमी मूठच असते. पोत्यात काय आहे ते मुठीवरून ओळखायचं, आणि ओळखताना आपण कुठे फसू शकतो, तेही सांगायचं. एवढंच आपलं शास्त्र."

ते वाल त्यांच्या माहेरचे असत. वैशाखऱ्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेले, की त्यांचे गाव. आपल्याकडे माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मॅडम गावी गेल्या, की दर घरातून शेरभर वाल, नाहीतर नाचणी, काही नसले तर परसातली चार वांगी, असे पिशवीत पडत जाई. "नको म्हणायची सोय नसते, सर," त्या मला सांगत. "आणि त्यांनाही नाही म्हणायची सोय नसते." हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले.

त्यांच्या कसोटीची धार आमच्या प्राचार्यांनी एकदा अनुभवली. सभेत ते म्हणाले, की आजची पिढी वाचतच नाही, तेव्हा वाचनालय दुपारनंतर बंद ठेवावे. मॅडमनी शांतपणे आठवडाभराची मुदत मागून घेतली. आठवड्याने त्या कागद घेऊन उभ्या राहिल्या. गेल्या महिन्यात एक तरी पुस्तक पूर्ण वाचले का, एवढाच प्रश्न त्यांनी दोन गटांना विचारला होता. त्यातला एक गट विद्यार्थ्यांचा होता.

"आणि दुसरा?" प्राचार्यांनी विचारले.

"आपला, सर."

"तुम्ही शिक्षकांना विचारलंत?"

"दुसऱ्या गटाशिवाय तुलना कशी होईल?"

दोन्ही गटांत न वाचणारेच बहुसंख्य निघाले होते, आणि दोन्ही प्रमाणांत मानण्यासारखा फरक नव्हता. एक तरुण प्राध्यापक हसत म्हणाले, "म्हणजे मॅडम, फरक नाही." मॅडमनी लगेच दुरुस्त केले, "तसं म्हणायचं नाही. फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही, असं म्हणायचं. न सापडणं वेगळं आणि नसणं वेगळं." उत्तरपत्रिकेत 'फरक नाही' असे लिहिणाऱ्याचा एक गुण त्या न चुकता कापत. वाचनालय उघडे राहिले. आम्ही शिक्षक मात्र काही दिवस एकमेकांची नजर चुकवत होतो.

विद्यार्थ्यांना त्या गावोगाव प्रश्न विचारायला पाठवत, आणि त्यांची तयारी लग्नाच्या पंगतीला वाढप्यांची करावी तशी करून घेत. चपला बाहेर काढायच्या. पाणी दिले तर प्यायचे. जमिनीवर बसलेल्या माणसाला उभ्याने प्रश्न विचारायचा नाही. सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचे. आणि उत्तर येईपर्यंत मान हलवायची नाही. "मान हलवलीत, की ते उत्तर तुमचं झालं. त्याचं राहिलं नाही." शहापूरच्या बाजारात एका भाजीवालीने त्यांच्या विद्यार्थिनीला सुनावले होते, "तुला काय पायजे ता सांग गो, मी हो बोलतंय. लिव नि जा. गिऱ्हाईक उभं हाय माझं." हा किस्सा मॅडम दर वर्षी वर्गात सांगत आणि स्वतःच आधी हसत. त्या भाजीवालीने आपल्याला फार मोठी सूचना देऊन ठेवली होती, असे त्या मला नंतर म्हणाल्या. ते म्हणताना हसल्या नाहीत.

निवृत्तीला वर्षभर उरले असताना त्यांच्या गावची शाळा बंद करण्याची गोष्ट निघाली. दोन खोल्यांची, एकशिक्षकी प्राथमिक शाळा. पट घटत घटत हाताच्या बोटांवर आलेला. उरलेली मुले रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत न्यायची, असे वरून ठरत होते. त्यातली दुसरी खोली गावाने श्रमदानाने बांधलेली होती. मॅडमच्या वडिलांनी तिच्या जोत्याचे दगड नदीतून डोक्यावर वाहून आणले होते. स्वतः ते कधी शाळेत गेले नव्हते. मुलीला त्यांनी त्या खोलीत नेऊन बसवले, आणि पुढे ती त्या वस्तीतली पहिली पदवीधर झाली. मॅडमच्या बोलण्यात वडील क्वचित येत, पण त्या दगडांचा उल्लेख मी अनेकदा ऐकला होता.

गावात बोलवा अशी होती, की म्हाताऱ्यांना शाळा हवी आहे आणि तरुणांना नको. तरुण आईबापांना मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायची होती. ग्रामसभेत नुसताच आरडाओरडा झाला. गावात वयानुसार दोन स्पष्ट मते आहेत असे नीट मांडले गेले, तर निर्णय पुढे ढकलू, असे तालुक्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी तोंडी सांगितले. तेव्हा सरपंच मॅडमकडे आले. "मॅडम, तुमी तर यातल्याच. वाटतंय वाटतंय सगळे बोलतात. खरं काय ता काढून द्या."

मॅडमच्या चेहऱ्यावर मी एवढा उजेड आधी पाहिला नव्हता. ज्या कसोटीने आयुष्यभर डब्यांतले वाल मोजले, ती आता वडिलांच्या दगडांच्या कामी येणार होती. त्यांनी चाळिशीच्या आतले आणि साठीच्या पुढचे, असे दोन गट केले. विद्यार्थी न नेता स्वतः घरोघर गेल्या. परक्या मुलांपुढे म्हातारी माणसे संकोचतील, असे त्यांना वाटले. आता मागे वळून पाहता ध्यानात येते, की 'असे वाटले' म्हणून त्यांनी केलेली ही एकमेव गोष्ट.

उत्तर हवे तसे आले. वृद्धांपैकी बहुतेकांनी शाळा राहावी म्हटले होते, तरुणांपैकी फारच थोड्यांनी. कसोटीची संख्या शहाण्णवच्या रेषेच्या कितीतरी पुढे. आकडेमोड तपासायला मीही बसलो होतो; एकही चूक नव्हती. पुढच्या रविवारी मॅडम मला घेऊन गावी गेल्या. तिथल्या शिक्षकांनी, शिंदे गुरुजींनी, ओट्यावर येऊन आमचे स्वागत केले. तिशीतला उत्साही माणूस. "मॅडम, शाळा वाचली तुमच्यामुळे," ते म्हणाले. मॅडमनी "अजून कागद दिलेला नाही" म्हटले, पण त्या हसत होत्या.

जेवायला आईच्या घरी बसलो. आई ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, पण चुलीपुढून कोणाला उपाशी उठू न देणाऱ्या. तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे होते. मॅडम आईला समजावून सांगत होत्या, की सखारामकाकांपासून सगळ्या जुन्या माणसांनी शाळेच्या बाजूने मत दिले. आई भाकरी थापता थापता हसल्या.

"सखाराम? त्यानं त्याच्या नातवाला शहापूरच्या इंग्रजी शाळेत घातलाय गो. थयच ऱ्हातो पोरगा."

मॅडमचा घास हातात राहिला. "मग मला तर म्हणाले, शाळा पाहिजेच."

"मग काय म्हणेल? तू इचारलंस ना. माहेरवाशीण दारात येऊन बसली, डोल्यांत पानी आनून बापाच्या शाळंचं इचारती, तिला नाय म्हनून कोन धाडेल? वाल देतात तशी उत्तरं दिली तुला."

"सगळ्यांनी?"

"मला काय म्हाईत. खा तू."

"आई, तू काय सांगितलंस मला?"

"शाळा पायजे, असंच सांगितलं ना? मग झालं तर. भाकर घे."

मॅडमनी ताट पुरते संपवले. हात धुऊन आल्यावर त्या मला म्हणाल्या, "सर, माझी मान हलत होती. मला कळलंच नाही."

तो कागद त्या वेळीच देता आला असता. आकडेमोड बरोबर होती आणि विचारणारा दुसरा कोणी नव्हता. त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि चौकशी नव्याने करायची ठरवली. या वेळी शहापूरकडचे विद्यार्थी निवडले, ज्यांना गाव ओळखत नव्हते. मॅडमचे नाव काढायचे नाही, अशी सक्त ताकीद. तोंडी उत्तर घ्यायचेच नाही. शाळेच्या ओट्यावर तोंडाला फडके बांधलेली दोन गाडगी ठेवली, एक चाळिशीच्या आतल्यांसाठी आणि एक साठीच्या पुढच्यांसाठी. प्रत्येकाच्या हातात एक पांढरा आणि एक कडवा वाल द्यायचा. शाळा हवी असेल तर पांढरा टाकायचा, नसेल तर कडवा. उरलेला दाणा बाजूच्या, तसेच फडके बांधलेल्या टोपलीत. फडक्याखाली हात गेला, की आत काय पडले ते कोणाला दिसणार नाही. रोज कामाला बाहेर जाणारी पोरे सुटू नयेत म्हणून रविवार धरला. मॅडम त्या दिवशी आईच्या घरातून बाहेर पडल्या नाहीत.

दुपारी विद्यार्थी गाडगी घेऊन पडवीत आले. मॅडमनी दोन सुपे पुढ्यात घेतली. आधी तरुणांचे गाडगे पालथे केले. बहुतेक कडवेच होते, अधूनमधून एखादा पांढरा. याची त्यांना कल्पना होतीच. मग त्यांनी दुसरे गाडगे उचलले आणि ते क्षणभर तसेच हातात धरून ठेवले. फळ्यापुढे धरलेल्या डस्टरसारखे. मग पालथे केले.

दोन सुपे शेजारी शेजारी होती. चिठ्ठी नसती, तर कोणते कोणाचे, ते मला सांगता आले नसते.

तरीही त्यांनी मोजले. दोन्ही प्रमाणे काढली, वजाबाकी केली, भागाकार केला. संख्या एकाच्याही अलीकडे राहिली. चुलीपाशी बसलेल्या आईंनी विचारले, "काय निघालं गो?"

"फरक नाय, आई," मॅडम म्हणाल्या.

स्वतःच आखलेल्या नियमाबाहेरचे, एक गुण कापण्याजोगे ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. आणि त्याच बसल्या जागी त्यांनी दुसराही नियम मोडला.

"तू कुठला टाकलास?"

आईंनी फुंकणीने चूल एकदा फुंकली. मग म्हणाल्या, "कडवा."

"बाबांनी दगड वाहिले त्या खोलीचे."

"वाह्यले. त्यांला काय म्हाईत, काय बांधतात ता." आईंनी फुंकणी खाली ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "शाळंत जे चांगले निघाले ते सगळे गेले. तू गेलीस. तुझा भाऊ ठान्याला गेला, तो सणाला पन येत नाय. जे नापास झाले तेच माज्या दारात हायेत, तेच पानी आनून देतात मला. आता नातवंडांना इंग्रजीची गाडी नेती. पयला शाळा न्यायची, आता गाडी नेती. नेनारा बदलला, आमाला त्याचं काय?"

मॅडमनी दोन्ही सुपांतले वाल एकत्र केले. ते करताना एक दाणाही खाली पडणार नाही याची काळजी घेत होत्या.

निघताना शिंदे गुरुजी रस्त्यापर्यंत आले. त्यांना विद्यार्थ्यांकडून कळले होते. "मॅडम, पहिला कागद द्या," ते म्हणाले. "खोटा थोडाच आहे तो? माणसांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. एक वर्ष मिळेल. एका वर्षात मी पट वाढवून दाखवतो. माझी बदली होईल त्याचं काही नाही हो, पण कातकरवाडीची चार पोरं गाडीत बसणार नाहीत. गाडी त्यांच्यासाठी नाहीच आहे."

हे ऐकताना मॅडमचा चेहरा मला पाहवला नाही. त्या पोरांच्या घरची मते कोणत्याच गाडग्यात पडली नव्हती, आणि त्यांचे आईबाप हंगामाच्या कामावर परगावी होते. हे त्यांच्या ध्यानात आलेच असणार. तरी त्या म्हणाल्या, "गुरुजी, पहिल्या वेळी मी गावाला विचारलंच नाही. गावाने मला जेवू घातलं. तो कागद मी देऊ शकत नाही."

"मग दुसरा तरी देऊ नका."

"सरपंचांनी विचारलंय. विचारल्यावर उत्तर द्यावं लागतं."

त्यांनी अहवाल लिहिला. 'दोन वयोगटांच्या मतांत फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन्ही गटांत बहुमत शाळा चालू ठेवण्याच्या विरुद्ध आहे.' खाली एक वाक्य जोडले, की परगावी गेलेल्या कुटुंबांची मते यात आलेली नाहीत आणि ती घेतल्याशिवाय निर्णय करू नये. कार्यालयाने वरची दोन वाक्ये वाचली.

शाळा बंद झाली त्या दिवशी त्या गेल्या होत्या. मला ते गुरुजींनी नंतर सांगितले. बाके टेम्पोत चढवली. फळा भिंतीतच सिमेंटचा केलेला, तो नेता येत नव्हता. त्यावर शेवटच्या दिवसाची बेरीज तशीच होती. गुरुजींनी डस्टर उचलून सवयीने विचारले, "पुसू का, मॅडम?" मॅडम मागच्या रांगेच्या जागेकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "कोणाला विचारताय?"

त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत नियमाने शिकवत राहिल्या. वालाचे डबे मात्र त्यांनी पुन्हा आणले नाहीत. फळ्यावर आकडे मांडून कसोटी शिकवली. निरोप समारंभात विद्यार्थ्यांनी भरभरून भाषणे केली. मॅडम प्रत्येकाकडे एकटक पाहत होत्या. त्या कौतुक ऐकत नव्हत्या, बोलणाऱ्याचा चेहरा तपासत होत्या, असे मला वाटले. 'वाटले' हाच शब्द वापरतो. पुरावा माझ्याकडे नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते मुरबाडच्या एसटी स्थानकावर. त्यांच्या आईचे वर्षाचे कार्य उरकून त्या सापगावला परतत होत्या. बाकावर बसल्या होत्या, शेजारी कापडी पिशवी. बऱ्याच वाळल्या होत्या. मी शेजारी बसलो. गावचे कसे काय विचारले.

"सगळे फार चांगलं बोलले," त्या म्हणाल्या. "सखारामकाका म्हणाले, शाळा गेली, फार वाईट झालं गो सुजाता. घरोघरी हेच. डोळ्यांत पाणी आणून सांगत होते." त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. "आई आजारी असताना मला म्हणाली होती, तू शिकलीस ता बरंच झालं हो. तेही खरं असेल. पण मीच विचारलं होतं ना, सर. आता मी कोणाचं काय खरं धरायचं?"

मला काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, "मॅडम, तुमच्यामुळे या तालुक्यातली कितीतरी मुलं विचार करायला शिकली." हे मी मनापासून म्हणालो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले; निरोप समारंभात पाहत होत्या तसेच. मग मृदूपणे म्हणाल्या, "हो का?"

किन्हवलीमार्गे शहापूरला जाणारी गाडी लागली. त्या उठल्या, आणि काय मनात आले कोण जाणे, पिशवी माझ्या हातात दिली. "वाल आहेत, कडवे. यंदा फार दिलेत. यजमानांना डॉक्टरांनी बंद केलेत, आणि मला एकटीला काही... तुमच्याकडे खातात ना?"

आमच्याकडे कडवे वाल कोणी खात नाही. बायको डाळिंब्या करते त्या गोड्या वालांच्या, आणि मुले त्याही बाजूला काढतात.

"आमच्याकडे फार आवडतात," मी म्हणालो.

मॅडमनी मान हलवली. नोंद करून घ्यावी तशी, सावकाश. मग त्या गाडीत चढल्या. खिडकीजवळ बसल्यावर त्या हात करतील म्हणून मी पिशवी सावरून उभा राहिलो. पण त्या समोर पाहत होत्या, आणि गाडी सारळगावच्या दिशेने वळली.